चौथ्या सेकंदाला

वूच म्हणजे होडी.
शहराच्या नावातच नाव आहे,
नद्या मात्र रस्त्यांखाली नळांत कोंडलेल्या.
इथल्या एका जुन्या सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी यंत्राला वाक्यं लिहून देते
आणि यंत्र मला आठ-आठ सेकंदांचं जग देतं.

चहाच्या कंपनीसाठी लिहिलं होतं:
खिडकीशी बसलेली उदास म्हातारी.
सुंदर. हृदयस्पर्शी. अगदी सिनेमासारखं.
आली म्हातारी.
गालावर घासूनपुसून ठेवलेला एकच अश्रू,
खिडकी बंद, तरी केस वाऱ्यावर,
आणि कपाला दोन कान.

बोगुमिल आमचे रात्रीचे पहारेकरी.
त्याआधी चाळीस वर्षं सिनेमाचे दिवे लावायचे.
खांद्यावरून वाकून म्हणाले,
"हे उदास कुठून येतं?
डावीकडून की उजवीकडून?"

मी नुसती बघत राहिले.

"ओतिल्या, उदास दिसत नसतं. उजेड दिसतो.
किती वाजलेत तिथे?
बाहेर बर्फ असेल तर उजेड खालून येईल, हनुवटीवर.
चहा कधीचा ओतलाय?
लिंबाची चकती तरंगतेय, की तळाला गेली?
आणि ते 'सुंदर' आधी पूस.
सुंदर म्हटलं की जो तो
आपल्या मावशीचं लग्न आठवतो."

पुसलं. लिहिलं:
फेब्रुवारी, दुपारचे तीन.
कॅमेरा टेबलाच्या उंचीवर, हलणार नाही.
काचेच्या ग्लासात चहा, लिंबू तळाला.
एक हात ग्लास उचलतो,
अर्ध्यावर थांबतो,
होता तिथेच ठेवतो.

चेहरा मागितलाच नाही मी.
तरी त्या आठ सेकंदांत
कोणीतरी कोणाची तरी वाट बघणं सोडून दिलं.

मग एका रात्री
किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवत ते म्हणाले,
"माझं एक लिहिशील?"

एकोणऐंशीचा हिवाळा. ट्रामचे रूळ.
पांढरा घोडा रूळ ओलांडणार होता.
घोडा भाड्याचा, एका तासापुरता,
त्यातला पाऊण तास त्याला उतरवण्यात गेलेला.
चौथ्या सेकंदाला यांचा दिवा फुटला.
दिग्दर्शक काय बोलला ते सांगितलं नाही,
फक्त टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हणजे नीट झालेला शॉट बघायचाय?"

"छे. नीट झालेला कोणालाही मिळेल.
मला फुटलेला हवाय."

लिहिलं.
पहिल्यांदा दिवा मावळला, सूर्य मावळावा तसा, हळुवार.
दुसऱ्यांदा फुटला, पण त्यातून आतषबाजी निघाली.
तिसऱ्यांदा घोडाच थांबला
आणि आरतीला उभा राहिल्यासारखा दिव्याकडे बघत बसला.
वेळ लिहिली, काचेची जाडी लिहिली,
तुकडे बर्फावर पडताना आवाज होत नाही, तेही लिहिलं.
नवव्यांदा घोड्याला पाच पाय.
यंत्राला सगळं निभावूनच न्यायचं होतं.
एखादी गोष्ट वाया जाते,
तीही साठ माणसांसमोर,
हे त्याच्या गावीच नव्हतं.

चार वाजत आले.
बोगुमिल बऱ्याच वेळाने म्हणाले,
"लिही, की दिव्यामागचा पोरगा घाबरलाय."

"पण घाबरणं दिसत नाही. तुम्हीच तर..."

"नाही दिसत."
किल्ल्या उचलल्या.
"तरी लिही."

ते खाली गेले.
मी लिहिलं, आणि बटण दाबलं.
पडद्यावर चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं.

घोडा आला.
दिवा काही फुटला नाही.
पण चौथ्या सेकंदाला उजेड
इतकासाच हलला,
दांडी धरलेला हात घामाने निसटावा तसा,
आणि घोड्याने एक कान मागे वळवला.

खालून पहिल्या ट्रामची घंटा आली.
मग फाटकाचा आवाज.
किल्ली एकदा चुकली, खरवडली,
मग बसली.