चेनकेस

मसूर फाट्यावर, उसाच्या ट्रॉल्या वळतात तिथं
दस्तगीर शिकलगारांचं गॅरेज.
पाटीवर नुसतं ‘रोटावेटर, पॉवर टिलर’.
हवालदार होते, हे पाटीवर नाही.

मी आयटीआयची, डिझेल मेकॅनिक.
पहिल्या दिवशी त्यांनी मला पाना दिला नाही,
चिंधी दिली.
“आदी पूस. घाणीखालचा बोल्ट फसवतो.”

रोटावेटरच्या डाव्या कुशीला असते चेनकेस :
बंद पेटी, आत दोन दातेरी चक्रं, त्यांवर साखळी
आणि साखळीचे पाय बुडतील इतकं तेल.
वर्षभर ती ढेकळांतून लोळत जाते.
आवाज येईपर्यंत
कुणी तिला बरी आहेस का विचारत नाही.

उंब्रजचा रणधीर आला, इंजिन बंद न करता.
“चाचा, वरनं नुसतं तेल ओता. उद्या लागण हाय.”
चाचांनी त्याला खुर्ची दिली.
खुर्ची देणं म्हणजे नाही म्हणणं,
हे मला आता कळतं.

खालचा बोल्ट सैल केला, ट्रे सरकवला.
तेल आलं ते काळं नव्हतं,
ताकासारखं, कडेला गढूळ.
“पाणी शिरलंय,” मी म्हणाले.
“कुठनं?”
मला सांगता येईना.
त्यांनी थेंब दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला,
आणि मग बराच वेळ ते गॅरेजमध्ये नव्हते.

तिकडं वर बर्फावर स्कूटर चालायच्या.
त्यांनाही अशीच पेटी, अशीच साखळी.
उणे तीसमध्ये हातमोजा काढला
की पाना कातडी मागून घेतो.
हे त्यांनी मला एका दमात सांगितलं नाही,
चार महिने, चहाच्या घोटांमधून,
म्हाताऱ्या सीलमधून झिरपावं तसं.
एका पहाटे तेल ताकासारखं निघालं.
रसद निघायची होती, वरून दोनदा विचारणा झाली होती,
आणि नायक शिकलगारांनी, तेव्हा ते नायकच होते,
नवं तेल ओतून झाकण आवळलं.
साखळी नऊ मैलांवर तुटली.
लोबझांग चालत परत आला.
बोटं सगळी आली नाहीत.

रणधीर खुर्चीत मोबाईल चाळत होता.
चाचा म्हणाले, “उघड.”
समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे.
झाकणाला चिकटलेलं जुनं गॅस्केट
लाकडी पट्टीनं, पेचकसानं नाही.
ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी लव होती,
चाचांनी ती चिंधीवर पुसून उन्हात धरली.
“ही झीज. झीज असतीच.
चकाकणारी कपची दिसली तर मला हाक मार.”
कपची नव्हती.
दाते अजून सरळ, विळ्यासारखे वाकले नव्हते.
अंगठ्यानं दाबली तर साखळी अर्धं बोट आत गेली,
ताण देणारा पट्टा मात्र खोबणी पडून पातळ झालेला.

मग मी खाली आडवी झाले, पाठ गार फरशीला.
शाफ्टच्या मुळाशी काहीतरी काळं :
ठिबकच्या नळीचा तुकडा,
इतका घट्ट गुंडाळलेला
की तोही यंत्राचाच भाग वाटावा.
करवतीच्या पात्यानं कापून काढला.
त्याच्यामागं सीलचा ओठ फाटलेला.

मी तुकडा वर धरला.
चाचांनी तो घेतला, बघितला,
रणधीरच्या मांडीवर ठेवला
आणि आत जाऊन नवं सील शोधू लागले.
तेवढंच.

तेल भरलं, पातळीच्या भोकातून थेंब डोकावेपर्यंत.
आधी हातानं फिरवलं, मग ट्रॅक्टरनं.
रणधीरनं पैसे मोजताना दोनदा ‘उशीर’ म्हटलं.
खरंच झाला होता. दिवे लागले होते.

तो रेल्वे फाटक ओलांडेपर्यंत
चाचा रस्त्याच्या कडेला उभे, मान तिरकी करून.
काहीच ऐकू आलं नाही,
म्हणून चहा सांगितला.