चौदा फुटांच्या आत

बत्तीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
जिन्याखाली, मोरीशेजारी, दुधाच्या क्रेटमागे,
टॉर्च दातात धरून
आकडे वहीत उतरवले.
कुणाचं घर किती जळतं
ते त्या घराच्या आधी मला कळायचं.

आता स्वतःच्याच घरावर माळा चढवतोय.
भांडुपच्या टेकडीवर, टाकीखालच्या गल्लीत,
दहा बाय पंधरावर आणखी दहा बाय पंधरा.
चौदा फुटांच्या वर एक वीट गेली
की पालिकेचा हातोडा.
म्हणून खालच्यांनी थोडं वाकायचं,
वरच्यांनी जरा जास्त.
वरचे म्हणजे तुषार आणि अक्षता,
डिसेंबरपासून कपाटामागे, पडद्याआड.

मुख्तार मिस्त्री म्हणाला,
"काका, पत्रा टाकतो, पीओपी मारतो,
एसीचा पॉइंट काढतो. संपलं."
संपलं कसं?
पत्रा म्हणजे तवा.
तव्यावर बर्फ ठेवून
गार व्हायची वाट बघतं का कुणी?

एप्रिलात, दुपारी अडीच वाजता,
उघड्या पत्र्याखाली जाऊन आडवा झालो.
छातीवर थर्मामीटर,
तापाचा नव्हे, तुषारच्या लहानपणच्या मत्स्यपेटीतला.
मासे केव्हाच गेले.
पारा सेहेचाळीसवर.
खालून ही ओरडली,
"उतरा! पेन्शन बंद होईल."

मग वही काढली.
दोन पत्र्यांमध्ये चार बोटं मोकळी हवा.
वरच्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात.
वाऱ्याला यायला वळचणीला फट, जायला आढ्याशी फट;
गरम हवा चढतेच,
तिला फक्त दार दाखवायचं.
मुख्तार म्हणाला, उंदीर येतील.
म्हटलं, जाळी लाव.
म्हणाला, थर्माकोल खातील.
म्हटलं, मग थर्माकोल नको.

कुर्ल्याच्या भंगारात रॉकवूल मिळालं,
कुठल्याशा पाडलेल्या थेटरच्या भिंतींतलं.
पंचवीस-तीस वर्षं मारामाऱ्या आणि शिट्ट्या प्यायलेलं,
आता ऊन पिईल.
अंगाला खाज सुटते म्हणून
नाक्यावरच्या उतरवलेल्या फ्लेक्समध्ये गुंडाळलं.
प्लाय लागेपर्यंत चार दिवस
छताला कुणीतरी भाऊ हात जोडून लटकत होते:
वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

पश्चिमेची खिडकी मी बंद करून टाकली, उत्तरेला काढली.
पंखा बिनआवाजी, अठ्ठावीस वॅटचा.
महिन्याची युनिटं मांडली,
बेरीज दोनदा केली,
खाली रेघ ओढली.

तेव्हा अक्षता चहा घेऊन आली.
कप ठेवला, गेली नाही.
फ्लेक्सच्या एका गुंडाळीवर बोट दाबत म्हणाली,
"बाबा, हे थेटरचं ना?
मग... आवाज पण अडवत असेल?"
आणि कान लाल करून
खाली मोरीत जाऊन भांडी घासू लागली,
घासलेलीच.

मी वहीकडे बघत बसलो.
या गोष्टीला रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुर्ला.
उरलेलं सगळं उचललं, भाव न करता.
मुख्तार बघतच राहिला:
"काका, जमिनीत कशाला? ऊन काय खालून येतं?"
"तू भर," म्हटलं.
दोन अँगलांच्या मध्ये, प्लायखाली,
ठासून, कोपऱ्यांसकट.
खर्च कुठे लिहिला नाही.

मेमध्ये बाजूच्या म्हात्रेंकडे दोन एसी घरघरले.
आमच्या माळ्यावर अडीच वाजता चौतीस.
बिलात अठरा युनिटांची वाढ.
ही म्हणाली, देव पावला.
मी म्हटलं, फट पावली.

रात्री झोप येत नाही हल्ली.
डोळे उघडले की समोर जिन्याखाली मीटर,
त्याचा लाल दिवा.
लुकलुकतो. थांबतो. मी मोजतो.
पुन्हा एकदा लुकलुकतो.
हळू चाललंय.

वर काय चाललंय
ते मीटरला कळत नाही.
मलाही.