रकाना चौथा

भवानी पेठेतल्या प्रसूतिगृहात
औषधांच्या कपाटाला आतून चिकटवलंय परिपत्रक:
‘अ’ म्हणजे जे मी आपणहून देऊ शकते,
‘ब’ म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्यावर.
ऑक्सिटोसिन दहा युनिट, मांडीत: अ.
मॅग्नेशियम, पहिला डोस, मग रुग्णवाहिका: अ.
व्हॅक्यूमचा कप: ब.
चिमटे तर या कपाटातच नाहीत,
ते वरच्या मजल्यावर, किल्ली उपळेकर मॅडमकडे,
मॅडम कोथरूडला.

तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं होतं,
फुगा कुठल्या यादीत?
मी म्हटलं, कुठल्याच नाही.
बरोबर, म्हणाल्या. पुढचा प्रश्न.

मंगळवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तबस्सुम बागवानला मुलगी झाली,
दोन किलो नऊशे, आल्या आल्या भांडणारी.
वार पडली. अख्खी होती, दोनदा उलटून पाहिली.
रक्त मात्र थांबेना.
अ दिलं. सलाईनमधून पुन्हा अ.
पोट चोळता चोळता माझं मनगट गेलं.
फोनवर मॅडम, निघालेय तेलोरे, निघालेय,
आणि मागे त्यांच्या गेटची कडी.

निरोधची पेटी दाराशीच असते.
फुकट. कोणीही हात घालावा,
मूठभर न्यावेत, नाव विचारत नाहीत.
त्यातलाच एक रबरी नळीला दोऱ्यानं बांधला
की त्याचं उपकरण होतं.

मी बांधला.
पाणी सोडत गेले. शंभर. दोनशे.
मावशी मोठ्यानं मोजत होत्या, मंडईत आंबे मोजावेत तशा.
तीनशेला रक्त थबकलं,
आणि आम्ही दोघी तशाच उभ्या, नळी धरून,
पंख्याचा आवाज ऐकत.

मॅडम आल्या तीनला दहा कमी असताना.
नाडी पाहिली, नळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं नाही.
रजिस्टर ओढलं. चौथा रकाना: आदेश कोणाचा.
सही केली. वेळ घातली दोन पंचवीस.
दोन पंचविसाला त्या लकडी पुलावर होत्या.

आभार मानले मी. चहाही केला.
तरी सकाळी ड्यूटी देताना
त्या पानावर बोट थोडं जास्त वेळ राहिलं.

दुसऱ्या रात्री फुगा काढताना तबस्सुमनं विचारलं,
सिस्टर, आत होतं तरी काय?
मी सांगितलं.
ती छताकडे बघत राहिली,
मग म्हणाली, अहो, हाच नऊ महिन्यांपूर्वी मिळाला असता तर!
आणि अशी सुटली हसायला
की पाळण्यातली दचकून रडू लागली.
हसू नकोस गं, मी म्हटलं,
पोटावर ताण येतो.