बारा आणि एक

आमच्या घराला कोपरा नाही.
काठ्यांची जाळी, तिच्यावर नमदा,
माथ्यावर धूर जायला गोल भोक, बस.
चित्र लावायचं तर कुठं?
खिळा ठोकावा तर काठी बोटभर जाडीची,
आणि कागद हट्टाने चौकोनी.
त्याला पाठ टेकायला सरळ भिंत लागते.
ती या अख्ख्या माळावर कुणाकडेच नाही.

म्हणून झुलची चित्रं मी जाळीत खोचते,
एक टोक या काठीमागं, दुसरं त्या.
कागद पोट पुढं काढून उभा राहतो
आणि गोवऱ्या पेटल्या, ऊब चढली, की
त्यातले घोडे जरासे जवळ येतात.

उत्तरेला मानाची जागा. नारिंगी पेटी,
तिच्यावर एकाच चौकटीत दाटीवाटीनं बसलेले आजेपणजे,
सासऱ्यांचं पदक.
तिथं पाच वर्षांच्या झुलनं
कुणाला न विचारता मोटरसायकल नेऊन ठेवली.
तीन चाकांची.
दावासुरेन म्हणाला, तिसरं कशाला गं?
"एक पंक्चर झालं तर?"
सासऱ्यांच्या बरोबर नाकावर हँडल येत होतं.
कुणी हलवलं नाही.

वर्षातून चारदा आमचं घर उतरतं.
भांड्यांच्या आधी, चुलीच्याही आधी
मी चित्रं काढते, रेशमी डगल्याच्या घडीत घालते.
एका शरदात तीच मोटरसायकल निसटली,
वाऱ्यावर बसून गेली.
खरी मोटरसायकल घेऊन दावासुरेन तिच्या मागं.
घर अर्धं उघडं, उंट लादलेले, आम्ही ताटकळत.
तासाभरानं आला. कागदाच्या कडेला
बकरीच्या दातांची महिरप.
झुल म्हणाली, आता छान दिसतंय.

मग ती सहा वर्षांची झाली
आणि तालुक्याच्या शाळेत गेली, वसतिगृहात.
इतकुसं घर, पण एकदम केवढं झालं.
लॉरीवाला पुरेव महिन्या-दीड महिन्यानं
पीठ, मीठ आणि तिच्या चित्रांची सुरळी आणायचा.
पहिल्या सुरळीत घोडे.
दुसरीत घर: चार भिंती, धुराडं, खिडकीला फुलाफुलांचा पडदा.
तिच्या घराला कोपरे आले होते.
तेही मी जाळीत खोचलं. आठवड्याभरात
आमच्या भिंतीबरोबर तेही वाकलं, गोलसर झालं.
मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या सुरळीत एक निळा उंट होता.
निळा म्हणजे कसा,
पहाटे चूल पेटायच्या आधी भोकातून दिसतो तसा.
एक मदार डावीकडं कलंडलेली,
आणि चेहऱ्यावर असं काही,
की जणू त्याला हाक मारलीय पण नाव चुकलंय.
तो मी दारासमोर लावला.
हांदसुरेन चहाला आली, तिला आधी तोच दाखवला.
बघ, म्हटलं, पोरीचा हात कसा बसलाय.
दोन महिने जो येईल त्याला हेच.

पांढऱ्या महिन्याच्या सुट्टीत झुल घरी आली.
टोपी न काढताच भिंतभर फिरली, एकेक मोजत.
उंटापाशी थांबली.
"हे माझं नाही.
हे बिलगुनचं. बाईंनी चुकून गुंडाळलं असेल."

मी चहा ढवळत राहिले. तो केव्हाच ढवळून झाला होता.

"तो उंट निळेच काढतो.
त्यांचे सगळे मेले ना त्या थंडीत.
आता कुठल्याही रंगाचे काढले तरी चालतात, म्हणतो.
आईबाबा उलानबातरला गेलेत, कामाला."
आणि मग, माझ्याकडं न बघता:
"तुला हेच जास्त आवडलं का?"

आईनं अशा वेळी काय म्हणायचं असतं
ते मला अजून कळलेलं नाही.
मी म्हटलं, मला वाटलं तू काढलंयस.
ते उत्तर नव्हतं. तिलाही कळलं ते.
मिठाच्या चहाचा एक घोट घेतला तिनं,
उठली, उंट काढला.
मला वाटलं, फाडते.
तिनं तो पश्चिमेच्या बाजूला नेला,
दोन काठ्यांत नीट बसवला, मुडपलेलं टोक सरळ केलं.

"पाहुणे इकडं बसतात," म्हणाली,
जसं काही मला ते माहीतच नाही.