कानाखाली

गाठ सुपारीएवढी. दुखत नव्हती,
म्हणून दोन वर्षं दाढीत झाकली.

सोहारच्या इस्पितळात डॉक्टर बाईंनी कागदावर गाल काढला.
लाळेच्या ग्रंथीतूनच चेहऱ्याची नस जाते, म्हणाल्या,
पाच फाट्यांची. एक कपाळाला, एक पापणीला, एक ओठाला...
कळलं, म्हटलं. प्लास्टरमागची चालू लाइन.
बावीस वर्षं तेच काम करतोय,
फक्त मी आधी मेन पाडतो.
त्या हसल्या. आम्हाला ती चालूच हवी,
नाहीतर सापडायची कशी?

सही केली.

शुद्धीवर आलो तर सिस्टर मारिसेल
नाव विचारेना. डोळे मीट. दात दाखव.
ओठाचा डावा कोपरा मागेच राहिला,
ओव्हरटाइमच्या पैशासारखा. आला, पण तीन महिन्यांनी.

शैलजाला व्हिडिओवर उजवाच गाल दाखवायचो.
फोन फिरवा, म्हणाली. फिरवला.
बराच वेळ बघून म्हणाली,
दाढी काढली की मामंजींसारखे दिसता.

पाळी अजून बधिर आहे. ते फॉर्मवर होतं,
मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा.

आता कॅम्पच्या मेसमध्ये लिंबाचं लोणचं घेतलं
की कानापुढे बोटभर जागा ओली होते.
तुटलेली वायर लाळ शोधत निघाली
आणि घामाला जाऊन जुळली,
अंधारात, आपली आपणच.

खोलीतला नवा पोरगा विचारतो,
काका, एसीखाली घाम?
तोंडाला पाणी सुटलंय रे,
जरा वाट चुकलं.