बेबी ऑफ

नागपूरच्या मेडिकलमध्ये, एनआयसीयूत,
बाळाला अजून नाव नसतं.
मनगटाएवढीच चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनानं:
बेबी ऑफ दुर्गेश्वरी.
बेबी ऑफ करिष्मा, कुही.
बेबी ऑफ यामिनी, जुळं, दुसरं.
साऱ्या इमारतीत ही एकच जागा
जिथं बाईचं नाव पहिलं येतं.
डिस्चार्ज कार्डापर्यंत पोचेस्तोवर ते गळतं.

हे माझ्या ध्यानात यायला एकवीस वर्षं लागली.
तेव्हा मी रेसिडेंट.
सिकलसेलच्या दोनशे बारा पोरांची बोटं टोचली, मे महिन्यात,
कूलरचं पाणी संपलेल्या खोलीत.
पोरं हाताला चावायची.
आया सांगायच्या, रात्री दोनला दुखणं सुरू झालं,
आधी डावा गुडघा, मग पोट, मग रडणंच बंद.
बाप बाहेर टपरीवर. फॉर्मवर सही त्याची.

पेपर छापून आला.
सर पहिले. सरांचे मित्र दुसरे.
तिसरे एक, ज्यांना मी आजवर पाहिलेलं नाही.
मी शेवटी, आभारात,
झेरॉक्सवाल्याच्या अलीकडे.
त्याचं नाव मात्र बरोबर छापलं होतं.

सर वाईट नव्हते.
माझ्या लग्नात त्यांनी मिक्सर दिला,
तो अजून चालतो.

आज रंजिता उईके मसुदा घेऊन आली.
तीन वर्षं भिवापूर ते कोरची एसटीनं हिंडली ही,
मांडीवर डबा, डब्यात बर्फ, बर्फात नळ्या.
पहिलं नाव माझं टाकलेलं.
दुसरं विभागप्रमुखांचं.
स्वतःचं चौथं, तेही नुसतं आर. उईके.
"असंच बरं असते मॅडम,
बाई आहे का माणूस, समजत नाही वाचणाऱ्याले."

मी पेन उचललं
आणि खरं सांगते, थांबले.
बढतीच्या फायलीत मला एक पेपर कमी पडतो.
पहिलं नाव, माझं, टाइप झालेलं, किती नीट दिसत होतं.
अजनीकडे एक इंजिन उगाचच भोंगा वाजवत होतं.

"कोणाचं बाळ आहे हे?" मी विचारलं.
तिला वाटलं, वॉर्डातलं विचारते.
"यामिनीचं," म्हणाली, "दुसरं.
वजन वाढून राहिलं मॅडम,
काल पंधराशे चाळीस."

चौथी ओळ मी बाण काढून वर नेली.
आर. खोडून रंजिता लिहिलं.
इंग्रजी स्पेलिंग चुकलं माझं,
तिनंच माझ्या हातातून पेन घेऊन दुरुस्त केलं,
जरा जास्तच दाबून.

त्या दोनशे बारा आयांसाठी
कुठल्याच पेपरात रकाना नाही.
आणि माझं नाव कुठं टाकायचं
ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.
चहा गार होऊन राहिला.