पोत्यातली मूठ

झुगदिदीच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
मी काचपट्ट्या वाचते.
वर डॉक्टर नानुली सुई घालतात,
माझ्याकडे फक्त थेंब येतात,
आणि चिठ्ठीवर नाव, वय, डावं की उजवं.

मक्वाला जोजुआ मात्र स्वतःच जिना उतरून आली.
वरचं बटण अजून उघडं,
कापसाचा बोळा दाबून धरलेला.
"तूच ना ती, जी ठरवते?"

मी ठरवत नाही, म्हटलं. मी बघते.

"मीही बघतेच.
हेझलनटच्या वखारीत, एकोणीस वर्षं.
पोतं आलं की मूठ घालायची,
वरून नाही, वर सगळेच चांगला माल ठेवतात,
कोपरापर्यंत हात, तळाशी, कडेला, मध्ये.
मग फोडायचं. पोकळ किती, किडके किती.
त्यावर एखाद्याच्या अख्ख्या वर्षाचा भाव."

जरा थांबली.
"कधी कधी चुकते.
मूठ गोड निघते, पोतं कडू.
तुझी सुई किती वेळा चुकते?"

माझ्याकडे वही आहे, वहीत आकडे आहेत.
'आहे' असं मी लिहिलं, तर बहुतेक वेळा ते असतंच.
'नाही' असं लिहिलं, तर
(इथे मी नेहमी पाण्याचा घोट घेते)
तर नानुलींच्या बोटांना काय लागलं,
फोटोत काय दिसलं, तेही विचारावं लागतं.
तिघांचं एकमत झालं, तरच बाईला घरी पाठवतो.
शितावरून भाताची परीक्षा होते, खरं,
पण शीत त्या भातातलं हवं.
सुई गाठीला चाटून गेली
तर मी चरबीची परीक्षा करत बसते,
आणि चरबी तर बिचारी निष्पापच असते.

दुपारी तिची पट्टी रंगून आली.
रक्त. रक्त. चरबीचे फुगे.
एका कोपऱ्यात सहा-सात पेशी
एकमेकींना धरून,
जत्रेत चुकलेल्या बहिणींसारख्या.

'नाही' लिहिलं असतं
तर ती त्या रात्री झोपली असती.
मीही, कदाचित.

मी लिहिलं: नमुना अपुरा.

बाकावर बसूनच होती. कागद वाचला,
रागावली नाही.
"म्हणजे मूठ पुन्हा घालायची."
जाड सुईने, मी म्हटलं. थेंब नाही, तुकडा काढतील.
तिने मान हलवली, धंद्यातलं कळल्यासारखी,
मग खिशातून तीन हेझलनट काढून
माझ्या टेबलावर ठेवले.
"वखारीतले नाहीत. अंगणातल्या झाडाचे."

ती गेल्यावर
एक कानाशी धरून हलवला.
आत काहीतरी खुळखुळलं.
ते चांगलं की वाईट,
विचारायचं राहूनच गेलं.

गुरुवारी साडेनऊला
येणार आहे ती.